बाजार महाग वाटत असेल तर आधी पैशाची तारीख ठरवा

परभणी आणि आसपासच्या तालुक्यांत ग्रामीण बँकेच्या शाखांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावरही लोक पासबुक घेऊन घरी येतात. अलीकडे बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: शेअर बाजार एवढा वर गेलाय, आता हातातला पैसा ठेवावा कुठे? याचं उत्तर मी कसं शोधते ते सविस्तर लिहिते. त्यात एक भीती आहे, ती आधीच सांगून टाकते. आपल्या भागात बाजार पडून जेवढी माणसं बुडाली, त्याहून जास्त माणसं बाजाराला भिऊन भलतीकडे पैसा टाकल्याने बुडालेली मी पाहिली आहेत.

बाजार खरंच महाग आहे का, हे कळायला एक साधा आकडा आहे. एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, वेबसाइटवर निफ्टीचा (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा) पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले नफा, रोज फुकट दिसतो. पीई २२ म्हणजे कंपन्यांच्या वर्षाच्या एक रुपया नफ्यासाठी तुम्ही २२ रुपये मोजताय. उलटं करून बघा: १०० रुपये घातले तर त्यामागे कंपन्यांचा नफा साडेचार रुपये. तो नफा पुढे वाढेल या आशेवर आपण एवढे पैसे देतो. पीई जितका जास्त तितकी ती आशा मोठी, आणि ती फसली तर आपटणंही मोठं. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो आठ हजारांच्या आसपास आला. तेव्हा शाखेत येऊन म्युच्युअल फंडाचा कागद टेबलावर ठेवणाऱ्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात.

पण हा आकडा बघून बाजारात शिरायचं आणि बाहेर पडायचं, असं करायला गेलात तर फसाल. २०२१ च्या सुरुवातीला निफ्टीचा पीई चाळिशीला टेकला होता. कारण करोनाच्या वर्षात कंपन्यांचा नफाच आटला होता, भागाकारात खालची संख्या लहान झाली होती. त्याच एप्रिलपासून एनएसईने हिशेबाची पद्धतही बदलली, उपकंपन्यांचा नफा धरायला सुरुवात केली. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून बघता येत नाहीत. चाळीस बघून जे बाहेर पडले, त्यांच्या डोळ्यांसमोर बाजार आणखी वर गेला. अमेरिकेतलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर १९९६ मध्ये बाजाराच्या अतिउत्साहाबद्दल जाहीर शंका घेतली. बाजार त्यानंतरही तीन वर्षांहून जास्त चढत राहिला, दुप्पट झाला. मग तो कोसळला, पण २००२ च्या तळालाही अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ग्रीनस्पॅन बोलले त्या दिवशीच्या पातळीच्या वरच होता.

मग ‘थांबा, सगळं वर येतंच’ असं म्हणावं, तर जपान आठवतो. तिथला शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. माणूस नोकरीला लागून निवृत्तही होतो एवढ्या काळात. महाग बाजारात सगळीच पुंजी एका दिवशी ओतली तर नुसती वाट बघून ती चूक भरून निघेलच असं नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे सोयाबीनवरून चटकन पटतं. २०२१ च्या ऑगस्टात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. ‘अजून चढेल’ म्हणून घरात पोती ठेवणाऱ्यांनाही शिखर कळलं नाही आणि ‘आता पडेल’ म्हणत आधीच विकून मोकळे झालेल्यांनाही कळलं नव्हतं. ज्यांनी बँकेच्या हप्त्यापुरता माल आधी विकला आणि उरलेला ठेवला, ते त्या वर्षी शांत होते.

म्हणून मी बाजाराचा विषय बाजूला ठेवते आणि पैशाला तारीख विचारते. हा रुपया कधी लागणार आहे?

आमच्या कॉलनीतले एक गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. जीपीएफ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचं अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) मिळून ३२ लाख हातात आले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तिन्ही आदेश नीट लावलेले होते आणि त्यांच्या मागे एका मल्टिस्टेटचं, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत ठेवी घेणाऱ्या सहकारी क्रेडिट सोसायटीचं, गुळगुळीत पत्रक.

“ताई, मार्केट लई वर गेलंय. पोरगा म्हणायलाय, आता पडणारच. हे लोक साडेबारा टक्के द्यायलेत, लिहून द्यायलेत.”

मी पत्रक उलटं ठेवलं आणि विचारलं, “गुरुजी, लेकीचं लग्न कधी धरलंय?”

शंभर पानी वहीत आम्ही वाटणी केली. लग्न पुढच्या वर्षी, त्याचे ७ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. दोन वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजार स्वस्त असो की महाग, तिकडे न्यायचाच नाही, यात मी तडजोड करत नाही. दवाखाना आणि अडीअडचणीसाठी ३ लाख, तेही बँकेतच, पण मोडता येतील असे. १४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. हे लिहितेय तेव्हा तिचा दर ८.२ टक्के आहे, म्हणजे दर तिमाहीला २८,७०० रुपये व्याज. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण तुम्ही खातं उघडता त्या दिवशीचा दर तुम्हाला पाच वर्षं मिळतो. व्याजावर कर लागतो, तेवढं लक्षात ठेवा. गुरुजींना जुनी पेन्शन आहे, त्यामुळे महिन्याचा किराणा या पैशावर अवलंबून नाही.

उरले ८ लाख. यांना दहा वर्षं तरी हात लावायची गरज नाही, असं गुरुजींनीच सांगितलं. बाजाराचा प्रश्न खरा फक्त या आठ लाखांचा होता. मघाशी तोच बत्तीस लाखांचा वाटत होता.

त्यातले निम्मे, ४ लाख, निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (त्या पन्नास कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड), डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधल्या एजंटाविना. निम्मे ठेवीत. आता समजा बाजार ४० टक्के पडला. बाजारातले ४ लाख २ लाख ४० हजार होतील, म्हणजे १ लाख ६० हजार गेले. बत्तीस लाखांतले ते पाच टक्के. मी गुरुजींना विचारलं, एखाद्या वर्षी वहीत पाच टक्के कमी दिसले तर झोप लागेल का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, लागेल. नाही म्हणाले असते तर मी चारचे दोन केले असते. प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला टक्क्यांत न विचारता रुपयांत विचारावा. ‘४० टक्के’ ऐकून माणूस मान डोलावतो, ‘एक लाख साठ हजार’ ऐकल्यावर खरं उत्तर देतो.

हे ४ लाख एकदम टाकायचे की हप्त्यांनी? जुने आकडे बघितले तर एकरकमी टाकणाऱ्याला बहुतेक वेळा जास्तच मिळालं आहे, कारण बाजार पडण्यापेक्षा चढण्यात जास्त काळ घालवतो. तरीही आयुष्यात पहिल्यांदा बाजारात जाणाऱ्याला मी हप्ते सुचवते. रक्कम लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसा ठेवणारा फंड) ठेवायची आणि तिथून महिन्याला २० हजार इंडेक्स फंडात, वीस महिने. पहिल्याच महिन्यात मोठी घसरण झाली तर घाबरून सगळं काढून घेण्याचा मोह होतो, आणि त्यात होणारं नुकसान हप्त्यांमुळे हुकलेल्या फायद्यापेक्षा मोठं असतं. फक्त हप्ता सुरू झाल्यावर ‘या महिन्यात महाग आहे, पुढच्या महिन्यात बघू’ हे करायचं नाही.

ठेवीतल्या ४ लाखांची एक पावती करू नका, एकेक लाखाच्या चार करा. एक मोडावी लागली तर तीनचं व्याज शाबूत राहतं. काउंटरच्या आत बसून इतक्या वर्षांत हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल.

आता नियम. हप्ते संपले की वर्षातून एकदा हिशेब बघायचा, गुरुजींनी गुढीपाडवा ठरवलाय. आठ लाखांच्या या भागात बाजाराचा वाटा ६० टक्क्यांच्या वर गेला तर विकून निम्म्यावर आणायचा, ४० च्या खाली गेला तर ठेवीतून काढून निम्म्यावर आणायचा. मघाचीच घसरण घ्या: २ लाख ४० हजार बाजारात, ४ लाख ठेवीत. वाटा साडेसदतीस टक्के. मग ८० हजार ठेवीतून बाजारात न्यायचे, दोन्हीकडे ३ लाख २० हजार. उलट बाजार ६० टक्के चढला तर ६ लाख ४० हजार आणि ४ लाख, वाटा साडेएकसष्ट. १ लाख २० हजार काढून ठेवीत टाकायचे. त्यातला नफा साधारण ४५ हजार निघतो. वर्षाहून जुन्या इक्विटी फंडावरचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सध्या करमुक्त आहे, त्याहून जास्तीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, त्यामुळे इथे कर शून्य. महाग झाल्यावर थोडं विकणं आणि स्वस्त झाल्यावर थोडं घेणं, हे या नियमाने आपोआप होतं. शिखर कुठे आणि तळ कुठे हे ओळखावं लागत नाही. नियम वहीत लिहून खाली सही करायची, बायकोचीही सही घ्यायची.

स्मॉलकॅप, म्हणजे लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, फंडांबद्दल माझं मत कडक आहे. बाजार चढा असतो तेव्हा सगळ्यात मोठा परतावा तिथेच दिसतो आणि लोक तिकडेच धावतात. २०१८ च्या जानेवारीपासून २०२० च्या मार्चपर्यंत लहान कंपन्यांचे निर्देशांक निम्म्याहून खाली आले होते. निवृत्तीच्या पैशाला ती वाट नको.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. बाजार महाग म्हणून बाहेर राहिलेला पैसा आपल्याकडे तीन ठिकाणी जातो.

पहिलं ठिकाण मल्टिस्टेट आणि पतसंस्था. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणात असते: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला हे संरक्षण लागू नाही. दारावर काचेचा दरवाजा, आत एसी, नावात ‘अर्बन’ असलं तरी नाही. बीड, छत्रपती संभाजीनगर इथे हातात पावत्या घेऊन कलेक्टर ऑफिससमोर बसलेले ठेवीदार आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यात लेकीच्या लग्नाचे पैसे ठेवलेल्या विधवा होत्या, ऊसतोडीचा पैसा साठवलेली जोडपी होती. बाजार ४० टक्के पडला तर साठ तरी उरतात, आणि ते वर यायची आशा असते. गुरुजींना मी एवढंच विचारलं की सरकारी बँक तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास देत होती, तर साडेबारा देणारा कर्ज काय दराने वाटत असेल आणि त्या दराने कोण घेत असेल? गुरुजी गणिताचे शिक्षक. पत्रक त्यांनी स्वतःच फोल्डरमधून काढलं. तुमच्या गावातली संस्था बँक आहे का, हे ठेव विमा महामंडळाच्या वेबसाइटवरच्या यादीत पाच मिनिटांत बघता येतं.

दुसरं ठिकाण प्लॉट. समृद्धी महामार्ग जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, तेव्हापासून ‘जमीन कधी पडत नाही’ हे वाक्य फार ऐकते. जमिनीचा भाव रोज टीव्हीवर दिसत नाही म्हणून ती पडत नाही असं वाटतं. विकायला काढून वर्षभर गिऱ्हाईक न मिळालेल्या माणसाला विचारा. घ्यायचाच असेल तर जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, सातबारा आणि फेरफार स्वतः बघा. दोन-चार गुंठ्यांचा शेतजमिनीचा तुकडा नोटरीवर घेऊ नका.

तिसरं सोनं. ते थोडं असावं, दहा टक्क्यांपर्यंत, पण तेही चढल्यावरच आठवतं. २०१२ मध्ये तोळ्याला ३१ हजारांच्या आसपास असलेला भाव २०१८ मध्येही तिथेच होता. दागिना हा खर्च धरा. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखी बाजारात घेता-विकता येणारी सोन्याची युनिट), म्हणजे मजुरी आणि घट जात नाही.

ज्यांचं वय तिशीत आहे आणि महिन्याला पगार येतो, त्यांना एवढी वाटणी लागत नाही. सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवा, एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा ठरावीक हप्ता) चालू ठेवा, बाजार महाग म्हणून ती बंद करू नका. तुम्हाला अजून पंचवीस-तीस वर्षं खरेदीच करायची आहे. जानेवारी २००८ च्या ऐन शिखरावर ज्याने एसआयपी सुरू केली आणि सोडली नाही, त्याचे मधले सगळे हप्ते स्वस्तात लागले. २०१० च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर आला तेव्हा तो चांगल्या नफ्यात होता.

निवृत्त होणाऱ्यांसाठी कामाची एक गोष्ट. ज्येष्ठ नागरिक योजना साठीनंतरची आहे, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांनाही ती घेता येते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त भरायचं नाही. ३० लाखांची कमाल मर्यादा वेगळी आहेच. सोबत कार्यालयाचं पत्र लागतं: निवृत्तीची तारीख, पद, मिळालेली रक्कम. हे पत्र पंचायत समितीतून निघायला वेळ लागतो, म्हणून पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या. खातं जोडीदारासोबत संयुक्त करता येतं. नॉमिनीचा रकाना मोकळा सोडू नका.