फ्लॅट विकायचाय? टोकन घ्यायच्या आधी फाइल काढा

आम्ही बाबांचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा रंग काढला, गळके नळ बदलले, एजंटशी ब्रोकरेजवरून घासाघीस पण केली, फक्त टॅक्सचं तेवढं "सीए बघेल" म्हणून ढकललं. टॅक्स विक्रीतल्या नफ्यावर लागतो, म्हणून सीएने पहिलाच प्रश्न विचारला, घेतला कितीला? मी आणि ताई एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो.

तर पहिलं काम, कपाटावरची ती बॅग खाली काढा. मूळ अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसचा उतारा), स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं एका फाइलला. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन खरेदीच्या किमतीत धरता येतं, हे बरेच जण विसरतात. नंतर घरात भर घातली असेल, म्हणजे बाल्कनी बंद केली, नवीन फरशी घातली, तर ती बिलंही हवीत, नुसता रंग काढलेला चालत नाही. आमच्याकडे गंजलेल्या टाचणीत अडकवलेल्या सात-आठ पावत्या निघाल्या, त्यातल्या तीन त्या गुळगुळीत कागदावरच्या, अक्षर पार उडून गेलेलं, फरशीवाल्याने तर डायरीचं पान फाडून हिशोब लिहून दिलेला. उपयोग शून्य. म्हणून आजच फोटो काढून ठेवा. आणि होमलोनचं जे व्याज आधीच वजावटीत दाखवलंय ते परत किमतीत मिळवता येत नाही, ती पळवाट 2023 च्या बजेटने बंद केली.

घर वारशाने आलं असेल तर खर्च तुमचा नाही, आईवडलांनी दिलेली किंमत धरायची, आणि त्यांनी किती वर्षं ठेवलं तेही मोजलं जातं. इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) सुद्धा त्यांच्या वर्षापासून मिळतं, मुंबई हायकोर्टाने 2011 मध्येच तसं म्हटलंय. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल (आमचं 1994 चं) तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत घेता येते, पण त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या किमतीपेक्षा) जास्त नाही. यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या, आणि सौदा ठरायच्या आधी घ्या, कारण त्या आकड्यावरच हातात किती उरणार ते कळतं.

आता तारखा. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तर लाँग टर्म, नाहीतर नफा सरळ तुमच्या स्लॅबमध्ये, त्यामुळे महिना-दोन महिने कमी पडत असतील तर थांबा की, काय घाई आहे. लाँग टर्मला 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के, इंडेक्सेशन नाही. पण त्या तारखेच्या आधी घेतलेलं घर असेल आणि तुम्ही भारतात रहिवासी असाल तर जुन्या पद्धतीने 20 टक्के इंडेक्सेशनसकट काढून जो टॅक्स कमी तो भरायचा. दोन्ही करून बघा, अंदाज चुकतो. समजा 2005-06 मध्ये 12 लाखाला घेतला आणि 2025-26 मध्ये 60 लाखाला विकला, तर महागाईचा सरकारी इंडेक्स 117 वरून 376, म्हणजे खरेदीची किंमत झाली साधारण 38.56 लाख, उरलेल्या नफ्यावर 20 टक्क्याने सुमारे 4.29 लाख, आणि इंडेक्सेशनशिवाय 12.5 ने 6 लाख. त्याच फ्लॅटचे 1 कोटी 20 लाख आले की उलटं, 16.29 विरुद्ध 13.5 लाख. वर 4 टक्के सेस आहेच. परदेशात असलेल्या भावाच्या नावावर हिस्सा असेल तर त्याला हा पर्याय नाही, टीडीएसही (खरेदीदाराने आधीच कापायचा टॅक्स) वेगळा, त्याचं आधीच वेगळं बघा.

टॅक्स वाचवायचा असेल तर दुसरं घर विकायच्या 1 वर्ष आधी किंवा नंतर 2 वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर 3 वर्षांत. घर नको असेल तर कलम 54ईसीचे टॅक्स वाचवणारे बाँड, 6 महिन्यांत, 50 लाखांपर्यंत, 5 वर्षं अडकतात. (1 एप्रिल 2026 पासून नवीन कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनेच आहेत, घरासाठी 54 आणि बाँडसाठी 54ईसी.) घर ठरलं नसेल तर रिटर्नच्या शेवटच्या तारखेआधी बँकेत कॅपिटल गेन अकाउंट उघडून पैसे टाका, साध्या एफडीत टाकलेले चालत नाहीत. आमच्या बँकेत काउंटरवरच्या मुलीला हे खातं काय असतं तेच माहीत नव्हतं, तीन चकरा झाल्या, तेव्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

खरेदीदार "थोडे कॅश घ्या" म्हणाला तर नाहीच म्हणा, घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा वर रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, टोकनसुद्धा त्यात आलं. आणि रेडी रेकनरपेक्षा फार खाली अ‍ॅग्रीमेंट केलं, म्हणजे सरकारी किंमत तुमच्या किमतीच्या 110 टक्क्यांच्या वर गेली, तर टॅक्स त्या सरकारी किमतीवर.

शेवटचं, व्यवहार 50 लाख किंवा वर असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो आणि त्याचा फॉर्म भरतो (जुन्या कायद्यात 26क्यूबी). त्याला पॅन कार्डाचा फोटो पाठवा, तोंडी सांगू नका. आमच्या माणसाने एक अक्षर चुकवलं, पैसे भलत्याच पॅनला जाऊन बसले, दुरुस्ती होऊन 26एएस मध्ये (आपल्या नावावर जमा टॅक्सच्या पोर्टलवरच्या यादीत) दिसायला दीड महिना गेला, तोवर ताई रोज सकाळी चहा टाकायच्या आधी पोर्टल उघडून बघायची.