पेटीवर बसलेल्या हातांना व्हायोलिन आणि पियानो शिकवताना

गोव्यातल्या मराठी घरातून शिकायला येणारा विद्यार्थी, मूल असो की चाळिशीतला माणूस, सहसा कोरा नसतो. तो देवळातल्या भजनाला बसलेला असतो, घरात पेटी असते, ‘काळी दोनात लाव’ हे कानावरून गेलेलं असतं. पहिल्याच दिवशी पाच रेषांचं नोटेशन समोर ठेवलं तर हे सगळं भांडवल बाजूला पडतं. आधी ते वापरून घ्या.

पेटीची पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी. या हिशेबाने व्हायोलिनच्या जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत जी, डी, ए, ई म्हणजे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. शेजारच्या दोन तारांमध्ये नेहमी सा-प चं अंतर असतं. ए तार ट्यूनरवर 440 हर्ट्झला लावा आणि बाकीच्या तारा सा-प गाऊन विद्यार्थ्यालाच जुळवायला लावा. जुन्या पेट्या 440 ला असतीलच असं नाही, म्हणून घरच्या पेटीशी जुळवण्याआधी ती ट्यूनरवर तपासा.

एक घोळ मात्र आधीच टाळायला हवा. चर्चच्या शाळांमधून आलेल्या गोव्याच्या परंपरेत ‘डो, रे, मी’ स्थिर असतं, डो म्हणजे कायम सी. आपला सा गाणाऱ्याबरोबर हलतो. शाळेत डो-रे-मी आणि भजनात सारेगम म्हणणारं मूल दोन्ही एकच समजतं. डो कुठल्या पट्टीवर आहे आणि आजचा सा कुठे धरला आहे, हे दोन्ही त्याच्याकडून बोट ठेवून दाखवून घ्या.

व्हायोलिनचं माप घेताना शाळेच्या गणवेशासारखं ‘वाढत्या अंगाचं’ घेऊ नका. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे लांब करा. टोकाचा गोल वळसा तळहातात बसला आणि बोटं त्याभोवती वळली तर माप बरोबर. फक्त बोटांची टोकं पोचत असतील तर एक माप लहान घ्या. मोठ्या वाद्यावर मनगट आत मोडतं, करंगळी चौथ्या जागेपर्यंत जात नाही, आणि ही सवय पुढे सोडवायला फार त्रास होतो.

गज, म्हणजे तारांवर फिरवायचा बो, पहिला आठवडा वाद्याला लावूच नका. पेन्सिलीवर पकड शिकवा: अंगठा वाकलेला, मधली दोन बोटं त्याच्यासमोर, करंगळी वर गोल टेकलेली. अंगठा ताठ झाला की खांद्यापर्यंत सगळा हात ताठतो. गजाचे केस काडीपासून पेन्सिलीच्या जाडीइतके सुटतील एवढाच ताण द्या आणि वाजवून झाल्यावर दरवेळी सैल करा. केसांना हात लावू नये, बोटांचं तेल लागलं की तिथे राळ (रोझिन) धरत नाही आणि गज नुसता घसरतो. नव्या गजाला सुरुवातीला राळ भरपूर लागते, नंतर दोन-तीन दिवसांनी चार हात पुरे.

आवाज खरखरला तर बहुतेक वेळा दाब जास्त आणि गजाचा वेग कमी असतो. शिट्टीसारखा फाटका आला तर दाब कमी किंवा गज घोडीला (तारा ज्या उभ्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला) फार जवळ. गज घोडी आणि फिंगरबोर्डच्या मधोमध, घोडीला समांतर चालायला हवा. आरशासमोर उभं केलं की मूल स्वतःच पाहतं, तोंडी दहा वेळा सांगावं लागत नाही.

बोटांच्या खुणांसाठी पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर वरच्या कंगोऱ्यापासून (खुंट्यांजवळ तारा जिथे टेकतात तिथून) पहिलं बोट सुमारे 36 मिलिमीटरवर आणि तिसरं सुमारे 82 वर पडतं. लहान मापात हे अंतर कमी होतं, तिथे ट्यूनर लावून बारीक चिकटपट्टी बसवा. पण चिकटपट्टीपेक्षा चांगला परीक्षक वाद्यातच आहे. डी तारेवर तिसरं बोट ठेवलं की जी येतो. तो बरोबर लागला तर न छेडलेली खालची जी तार आपोआप कंप पावते आणि आवाजाला गोल झंकार येतो. बोट केसभर सरकलं की तो झंकार मरतो. तंबोऱ्याच्या जव्हारीवर वाढलेल्या कानाला हा फरक लगेच पकडता येतो. मुलाला डोळे मिटून ‘कधी बोलली?’ एवढंच विचारा. हा खेळ रोज पाच मिनिटं केला की चिकटपट्टी सहा महिन्यांत काढून टाकता येते.

भजनाला साथ करायची म्हणून कुणी मांडी घालून, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायची हिंदुस्थानी पद्धत मागेल. पद्धत उत्तम आहे, पण तिची जुळणी वेगळी आणि हाताची ठेवण वेगळी. निदान पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र शिकवू नका.

मोठ्यांची अडचण वेगळी. कान तयार असतो आणि हात नसतो, म्हणून स्वतःचाच कणसूर त्यांना असह्य होतो आणि ते बोटं आणखी जोरात दाबतात. पहिले काही दिवस गजाऐवजी बोटाने तार छेडून सूर लावायला द्या. एका बैठकीत तासभर नको. सकाळी दहा, संध्याकाळी दहा मिनिटं चालतात. हनुवटी आणि खांद्यात वाद्य आवळलं जात असेल तर खांद्याचा आधार बदला, माणसाला दोष देऊ नका.

पियानोवर पेटीचे हात जास्त फसवतात. पेटीत डावा हात भात्यावर असतो, म्हणून तो स्वतंत्र चालायला शिकलेलाच नसतो. रोजचा रियाज डाव्या हातानेच सुरू करा. पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो. पियानोत तो पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतो. सूर निघाल्यावर पट्टी जोरात दाबून धरण्यात काहीच अर्थ नाही, तरी पेटीवाला ती दाबतो आणि मनगट दुखवतो. पट्टी तळाला लागली की हात सैल सोडून दाखवा. कोपर पट्ट्यांच्या उंचीला हवं. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. उजव्या हाताचा सी मेजर 1-2-3, मग अंगठा खालून, 1-2-3-4-5. हलका 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पहिल्या तीन-चार महिन्यांपुरता ठीक, नंतर पियानोसारख्या दाबायला जड 88 पट्ट्या लागतात. एकच मूल दोन्ही वाद्यं शिकत असेल तर लक्षात ठेवा: पियानोत 1 म्हणजे अंगठा, व्हायोलिनमध्ये 1 म्हणजे तर्जनी. वह्या वेगळ्या ठेवा.

पावसाळ्यात व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात. पक्कड लावू नका, वाद्य त्याच्या खोक्यासकट एक-दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग आत ढकलत हळू फिरवा. खोक्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक असावा, 40 ते 60 टक्के बरं. खाऱ्या हवेत ई तार लवकर गंजते, म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. मे महिन्यात वाद्य बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने सरस सुटतो आणि सांधे उघडतात. पियानो बाहेरच्या ओल्या भिंतीला लावू नये, आणि तो जुळवायचा तर पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर, जुलैमध्ये नाही. तारा बदलताना एकेकच बदला. चारही एकदम काढल्या तर घोडी पडते आणि तिच्याबरोबर आतला आधाराचा दांडाही.