क्लासिकल गिटार शिकताय? या चुका टाळा

‘तार खरखरते’ ही नवशिक्यांची पहिली तक्रार, आणि ‘अजून जोरात दाब’ हा त्यावर हमखास मिळणारा, पण चुकीचा सल्ला. गिटारवर दोष ऐकू येतो एकीकडे आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा असतं दुसरीकडे.

खरखरीचंच घ्या. दोन फ्रेटच्या (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) बरोबर मध्ये बोट ठेवलं की तार नीट टेकवायला नाहक ताकद लागते. तेच बोट पुढच्या, म्हणजे साउंडहोलकडच्या (गिटारच्या गोल भोकाकडच्या) फ्रेटला अगदी लगटून ठेवा. आता तार छेडत राहा आणि दाब हळूहळू कमी करत जा. खरखर सुरू झाली की किंचित वाढवा. एवढाच दाब पुरतो, आणि तो किती कमी आहे हे पाहून बहुतेकांना नवल वाटतं. एवढं करूनही एकाच ठराविक जागी तार खरखरत असेल, तर फ्रेट वर-खाली झालेला असू शकतो. मोकळी तारच खरखरत असेल तर नटची, म्हणजे गळ्याच्या डोक्याकडच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची, खाच खोल गेलेली असू शकते. असं असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, बोटांना दोष देऊ नका.

शेजारची तार मुकी होते? मग डाव्या अंगठ्याकडे बघा. तो गळ्यावरून डोकावत असेल तर बोटं आडवी पडतात आणि बाजूच्या तारेला टेकतात. क्लासिकल गिटारचा गळा नटपाशी साधारण 52 मिमी रुंद असतो, त्याला मूठ मारून भागत नाही. अंगठा मागे, साधारण मधल्या बोटासमोर ठेवा. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, हे वेगळं सांगायला नको.

पण अंगठा वर का येतो? कारण बऱ्याचदा डावा हात गिटारचं ओझं पेलत असतो. गिटार उजव्या मांडीवर आडवी, बोटं दिसावीत म्हणून तिचं तोंड छताकडे, आणि वाजवणारा कुबड काढून बसलेला! डावा पाय फूटस्टूलवर 12 ते 15 सेंमी उंच घ्या, गिटार डाव्या मांडीवर ठेवा, तिचं डोकं आपल्या डोळ्यांच्या उंचीला येऊ द्या. मग डावा हात पूर्ण काढून घ्या. गिटार जागची हलली नाही, तर बैठक जमली. फूटस्टूलने कंबर दुखत असेल तर मांडीवर ठेवायचा सपोर्ट वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

उजव्या हाताची मोठी चूक म्हणजे तार बाहेर ओढणं. तशी ओढलेली तार फ्रेटवर आपटते आणि ‘टप्प’ असा कोरडा आवाज येतो. बोटाची चाल तळहाताच्या दिशेने हवी. तार छेडायच्या दोन पद्धती आहेत: आपोयांदोत बोट तार वाजवून शेजारच्या तारेवर विसावतं, तर तिरांदोत तिला न टेकता पुढे जातं. माझ्या मते आधी आपोयांदो पक्कं करावं, त्याने आवाजाला वजन येतं. सगळे मात्र याच क्रमाने शिकवत नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट आलटून-पालटून चालवा. एकाच बोटाने सलग सूर वाजवायची सवय सुरुवातीला सोयीची वाटते, पण लय वाढली की तीच आडवी येते. करंगळी लाकडावर टेकवून ठेवू नका, तिच्यासोबत अनामिकाही अडकते.

उजव्या हाताच्या नखांचा बाऊ नको. एकोणिसाव्या शतकातले स्पॅनिश गिटारवादक सोर नखांविना वाजवत आणि आग्वादो नखांनी, तरी दोघे मित्र होते. नख ठेवलंच तर तारेला मांस आणि नख एकाच वेळी लागू द्या. नुसत्या नखाने टकटक ऐकू येते.

सूर टिकत नाही म्हणून गिटारला नावं ठेवण्याआधी तारा नव्या आहेत का ते पाहा. नायलॉन कित्येक दिवस ताणत राहतं, तोवर बसल्या बैठकीत पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं. सूर चढला असेल तर तार आधी खाली उतरवा आणि मग वर चढवत जुळवा. मोकळी तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटवर बेसूर वाटत असेल, तर तिथला हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं हलकं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहा. जुनी, झिजलेली तार इथे पकडली जाते.

आवाज मोठा यावा म्हणून या गिटारला स्टीलच्या तारा मात्र कधीही लावू नका. त्यांचा ताण नायलॉनच्या जवळपास दुप्पट असतो. त्याने ब्रिज (वरच्या फळीवरची, तारा बांधायची पट्टी) उखडतो, वरची फळी फुगते. आवाज मंद झालाच असेल तर आधी खर्जाच्या तीन तारा तपासा. त्यांच्यावरचं धातूचं वेटोळं फ्रेटपाशी झिजतं आणि घामाने काळवंडतं, म्हणून त्या बारीक तारांच्या कितीतरी आधी थकतात. पुष्कळदा तेवढ्या तीन बदलून काम भागतं.