जर्मन साहित्यातलं निसर्गवर्णन: एम.ए.ला नव्याने येणाऱ्यांसाठी

जर्मनच्या एम.ए.ला आलेली मुलं पहिल्याच सत्रात कुरकुरतात: गोष्ट पुढे सरकत नाही, नुसतं जंगल नि पाऊस. अशी पानं गाळून वाचायची सवय लागली, की शोधनिबंधाच्या वेळी पंचाईत होते. विसाव्या शतकातल्या कित्येक पुस्तकांचा जीव त्या पानांतच असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'रक्त आणि माती'चा घोष करत नात्सींनी जंगल, शेत, खेडं सगळं प्रचाराला जुंपलं, त्यामुळे १९४५ नंतर झाडाफुलांवर लिहिणं म्हणजे पळवाट, असा संशय कायम राहिला. त्याआधीच परागंदा झालेल्या ब्रेख्त या कवी-नाटककाराने १९३९ साली छापलेल्या कवितेत म्हटलं होतं, की झाडांविषयी बोलणं जवळजवळ गुन्हा झालाय, कारण त्यात कितीतरी दुष्कृत्यांबद्दलचं मौन असतं. पुढे पाउल त्सेलान या कवीने त्या ओळीला कवितेतूनच उत्तर दिलं, आणि त्यातून झाडंच काढून टाकली. त्याच्या लेखी बोलणंच गुन्ह्याच्या जवळ गेलं होतं. या दोन कविता शेजारी ठेवून वाचा. हा विषय निवडणाऱ्याला त्या टाळता येत नाहीत.

कादंबरी हवी असेल तर मार्लेन हाउसहोफरची 'दी वांड' (१९६३) घ्या. भाषा साधी, जर्मन भाषेची बी-टू ही मधली पातळी झालेल्याला झेपते. ऑस्ट्रियाच्या डोंगरात एक बाई एका सकाळी अदृश्य भिंतीच्या आत अडकते. सोबतीला कुत्रा, मांजर आणि गाय. इथलं कुरण 'सुंदर' वगैरे नंतर. आधी ते कापायचंय, कारण हिवाळ्यात गाईला गवत लागणार. लांब दांड्याचा विळा चालवणारीच्या नजरेतून ते दिसतं, आणि सहलीला आलेल्याच्या नजरेपेक्षा ती नजर फार वेगळी असते. म्हणून मी मुलांना सांगते, वर्णन आलं की पाहणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा.

माक्स फ्रिशच्या १९७९च्या कादंबरीत, 'डेअर मेन्श एरशाइन्ट इम होलोत्सेन'मध्ये, हातात कात्री आहे. स्वित्झर्लंडमधल्या तिचिनोच्या दरीत पाऊस थांबत नाही, आणि म्हातारे गायझर ज्ञानकोशातली कात्रणं भिंतीवर लावत सुटतात, आपण विसरू नये म्हणून. पान कापलं की मागच्या बाजूचा मजकूरही गेला, हे त्यांच्या उशिरा लक्षात येतं. गडगडाटाचेसुद्धा ते प्रकार पाडतात! डोंगर खचेल ही भीती आणि आपली स्मृती ढासळतेय ही भीती, दोन्ही एकाच पावसात. तरी 'पाऊस म्हणजे दुःख' असलं समीकरण उत्तरपत्रिकेत लिहू नका. हल्ली कुठलाही परीक्षक त्याला मार्क देत नाही.

शोधनिबंधासाठी 'जर्मन साहित्यातील निसर्ग' असा अवाढव्य विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जाऊ नका. एक पुस्तक, त्यातली एकच गोष्ट: गवत, बर्फ, दरड. अशी सगळी वाक्यं वहीत उतरवा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. कर्ता माणूस आहे की डोंगर, हे लगेच दिसतं. वनस्पतींची नावं शब्दकोशात बघण्याआधी फोटो बघा, वेळ वाचतो. आजचं काही हवं असेल तर एस्टर किन्स्की ही लेखिका वाचा. एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन लेखक श्टिफ्टर मात्र दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. थोर आहे, पण त्याच्या वाक्यांना दम लागतो.