गव्हर्नर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला चालेल का, हे कसं जोखावं

मे २०२३ मध्ये मी भाच्याशी पैज लावली, की फ्लोरिडाचा गव्हर्नर रॉन डिसँटिस रिपब्लिकन पक्षाचं तिकीट घेऊन जाणार. २१ जानेवारी २०२४ ला डिसँटिसनं माघार घेतली. भाचा न्यू जर्सीत असतो; पुढच्या खेपेला गावाकडं आला तेव्हा मटणथाळीचं बिल माझ्या नावावर, आणि पांढरा रस्सा त्यानं चारदा मागून घेतला. बिलाचं काही नाही हो. पण कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझा छापखाना आहे. बत्तीस वर्षं नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांची हँडबिलं छापली. पडणारा उमेदवार मला ऑर्डर देतानाच कळतो: तीनदा प्रूफ बदलतो आणि अॅडव्हान्सचा विषय निघाला की मोबाइल कानाला लावतो. एवढं असून चुकलो कुठं, ते शोधायला मी एक जुनी हिशेबवही उघडली आणि दर गव्हर्नरला एक पान दिलं. त्या वहीतून जे हाताला लागलं ते सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवा. गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं राज्यपाल येतो: राष्ट्रपतींनी नेमलेला, शपथविधीला दिसणारा. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो, म्हणजे कामानं तो आपला मुख्यमंत्री. त्यामुळं 'गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष होणार का' हा प्रश्न आपल्याकडच्या 'मुख्यमंत्री दिल्लीत पंतप्रधान होणार का' याच्या जवळचा आहे. तो प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. १९६२ ला यशवंतराव मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण किती कौतुक केलं. पुढं ते उपपंतप्रधानपदापर्यंत पोचले, पंतप्रधान काही झाले नाहीत.

मग चाळणी. राष्ट्राध्यक्षाचं वय किमान ३५ हवं, देशात १४ वर्षं वास्तव्य हवं आणि तो जन्मानं नागरिक हवा. कॅलिफोर्नियाचा आर्नोल्ड श्वार्झनेगर ऑस्ट्रियात जन्मला, मिशिगनच्या जेनिफर ग्रॅनहोम कॅनडात. दोघांचंही पान उघडायचं कारण नाही.

आता थोडा जुना हिशेब. आतापर्यंत १७ राष्ट्राध्यक्ष आधी कुठल्या ना कुठल्या राज्याचे गव्हर्नर होते. १९७६ ते २००४ या काळात आठ निवडणुका झाल्या, त्यातल्या सात माजी किंवा चालू गव्हर्नरांनी मारल्या: कार्टर एकदा, रेगन, क्लिंटन आणि धाकटे बुश दोन-दोनदा. माझ्या पिढीनं वर्तमानपत्रात हेच वाचलं, म्हणून गव्हर्नर म्हणजे हुकमी पत्ता असं डोक्यात बसलं. २००४ नंतर मात्र एकही नाही. २०१२ ला रॉम्नी तिकिटापर्यंत गेला आणि पडला. २०१६ ला रिपब्लिकन पक्षात नऊ आजी-माजी गव्हर्नर उतरले होते. त्यातल्या केसिकनं फक्त स्वतःचं ओहायो जिंकलं, बाकी आठांना एकही राज्य नाही, आणि तिकीट नेलं कधी ग्रामपंचायतसुद्धा न लढलेल्या माणसानं. माझं मत असं, की राष्ट्राध्यक्ष निक्सनची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर लोकांना वॉशिंग्टनबाहेरचा माणूस हवा होता आणि गव्हर्नर तो भाव खाऊन गेला. आता बाहेरचा म्हणून त्याच्याहून बाहेरचे येतात.

माझी चूक या पुढच्या मुद्द्यात होती, म्हणून इथं जरा थांबतो. डिसँटिस नोव्हेंबर २०२२ ला फ्लोरिडात सुमारे १९ टक्क्यांच्या फरकानं परत निवडून आला होता. एकेकाळी काठावर असलेलं राज्य, राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजची ३० मतं, आणि एवढी आघाडी! मी डोळे झाकून पैज लावली. पण गावच्या जत्रेत नारळाची कुस्ती मारणं वेगळं आणि खासबागेत उतरणं वेगळं. खासबागेत तुमच्या वजनाचा दुसरा मल्ल आधीच शड्डू ठोकून उभा असतो. डिसँटिसला ज्यांची मतं हवी होती ते सगळे आधीच ट्रम्पचे होते. पक्षाची निवड जिथून सुरू होते त्या आयोवा राज्याचे तो ९९ च्या ९९ परगणे फिरला, मतं मिळाली २१ टक्के, ट्रम्पला ५१. त्याच्या राज्यकारभारात त्या मतदारांना खोट दिसली असं नाही. जागाच रिकामी नव्हती.

म्हणून वहीच्या पानावर पहिला प्रश्न मी आता असा लिहितो: याच्या पक्षात हा कुणाच्या जागेवर बसणार, आणि त्या जागेवर आत्ता कोण बसलंय? घरची लोकप्रियता त्यानंतर. ती फसवते. मेरीलँडचा लॅरी हॉगन, मॅसॅच्युसेट्सचा चार्ली बेकर, व्हरमाँटचा फिल स्कॉट: तिघेही रिपब्लिकन, तिघांनी डेमोक्रॅटांच्या राज्यात वर्षानुवर्षं राज्य केलं, पाहणीत देशातल्या सगळ्यांत आवडत्या गव्हर्नरांत त्यांची नावं. पण ज्या गुणामुळं विरोधी राज्य त्यांना मत देतं, त्याच गुणामुळं स्वतःचा पक्ष त्यांच्याकडं तिरक्या नजरेनं बघतो. पहिली फेरी प्रायमरीची असते आणि ती पक्षाचे लोक खेळतात. आपल्याकडं तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं, तिथं मतपेटीत ठरतं, एवढाच फरक. कोल्हापूरकराला हे जास्त सांगायला नको. २०१९ च्या लोकसभेला आपल्याच आघाडीच्या उमेदवाराविरुद्ध 'आमचं ठरलंय' एवढे दोन शब्द कुठल्या चिन्हाशिवाय गावभर फिरले आणि निकालात दिसले.

पुढची रीत माझ्या धंद्यातली आहे. गव्हर्नरचं स्वतःचं पत्रक वाचत बसू नका, ते सगळ्यांचं सारखंच असतं: रोजगार, शाळा, रस्ते, हसरा फोटो. त्याऐवजी कागद घ्या आणि त्याच्या विरोधात दोन हँडबिलं लिहा. एक पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याच्या वतीनं, दुसरं समोरच्या पक्षाच्या वतीनं. ओळी पाचच. ज्याचं हँडबिल पाच मिनिटांत लिहून होतं, तो अडचणीत. सिनेटर भाषण करतो, मत देतो, आणि आपलं एक मत शंभरांत विरघळतं. गव्हर्नरची मात्र सही असते, आणि सही पुसता येत नाही.

रॉम्नीचं उदाहरण घ्या. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना २००६ मध्ये त्यानं आरोग्यविम्याचा कायदा केला. चांगलं काम, दाखवण्यासारखं. पुढं ओबामांनी त्याच धर्तीवर देशाचा कायदा आणला, आणि रिपब्लिकन तर त्या कायद्याच्या नावानं खडे फोडत होते. २०१२ ला पक्षातल्यांनी छापलं, की हा त्या कायद्याचा बाप. डेमोक्रॅटांनी छापलं, की स्वतः केलेलंच आता नाकारतोय. एकाच सहीवर दोन्ही हँडबिलं तयार. त्याच राज्याचा मायकेल डुकाकिस १९८८ ला उभा होता. त्याच्या राज्यातल्या तुरुंगातून सुट्टीवर सोडलेला खुनाचा कैदी परत आलाच नाही आणि दुसऱ्या राज्यात जाऊन त्यानं अत्याचार केला. कैद्यांना सुट्टी देण्याची योजना आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झालेली, पण हँडबिलावर कुणी तळटीप वाचतं का? जाहिरात झाली आणि डुकाकिस तिच्यातून वर आलाच नाही.

कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट गॅव्हिन न्यूसमचं दुसरं हँडबिल लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत: घरांच्या किमती, रस्त्यावर झोपणारी माणसं, आणि नोव्हेंबर २०२० ला लोकांना गर्दी करू नका सांगून स्वतः महागड्या हॉटेलात गाठलेली पार्टी, जिच्याबद्दल त्याला माफी मागावी लागली. पण त्याच्या पानाच्या उजव्या बाजूला हेही लिहिलंय, की २०२१ ला त्याला खुर्चीवरून काढण्यासाठी मतदान झालं तेव्हा जवळजवळ ६२ टक्के लोक त्याच्या बाजूनं राहिले. एकदा पटात सापडून सुटलेला मल्ल आहे. हे वजन धरायला हवं.

कामाचं श्रेय मोजताना त्या खुर्चीत दम किती ते बघा, कारण सगळ्या राज्यांत गव्हर्नर सारखा नसतो. टेक्सासात विधिमंडळाच्या कामात लेफ्टनंट गव्हर्नरची पकड मोठी. नॉर्थ कॅरोलिनात गव्हर्नरला नकाराधिकार मिळाला तोच १९९६ च्या घटनादुरुस्तीनं. केंटकीत विधिमंडळ साध्या बहुमतानं गव्हर्नरचा नकार मोडू शकतं. अर्थसंकल्प समतोल ठेवणं तर बहुतेक राज्यांत कायद्यानंच बंधनकारक आहे, तेव्हा 'मी बजेट समतोल ठेवलं' हे पत्रकावर ठळक टाइपात आलं तरी त्याला अर्धाच गुण द्यायचा.

संकटाला मात्र पूर्ण गुण. याबाबतीत मी पक्षपाती आहे, कारण ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी माझ्या गोदामात शिरलं आणि कागदाची रिमं फुगून भिंतीएवढी झाली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. त्या दिवसांत कोण गुडघाभर पाण्यात उतरलं आणि कोण नावेत फोटोपुरतं बसलं, हे गल्लीतलं शेंबडं पोरगं आजही सांगेल. तिथंही तसंच. जून २०२३ ला फिलाडेल्फियात टँकर पेटून आय-९५ महामार्गाचा पूल कोसळला. सगळे म्हणत होते महिने जातील. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जॉश शापिरोनं बारा दिवसांत तात्पुरता रस्ता खुला करून दाखवला. केंटकीच्या अँडी बिशियरच्या वाट्याला डिसेंबर २०२१ ला वादळ आणि जुलै २०२२ ला पूर आला. पुढच्या वर्षी ट्रम्पच्या त्या बालेकिल्ल्यात हा डेमोक्रॅट पाच टक्क्यांनी परत निवडून आला. उलटही होतं. २००५ च्या कतरिना वादळानंतर लुइझियानाच्या कॅथलीन ब्लँको पुढची निवडणूक लढल्याच नाहीत. आणि न्यू जर्सीचा ख्रिस ख्रिस्ती! २०१२ च्या सँडी वादळात त्यानं ओबामांचं जाहीर स्वागत केलं, राज्यात डोक्यावर घेतला गेला, आणि त्याच्याच पक्षाचे लोक ते स्वागत विसरले नाहीत. माझ्या दोन हँडबिलांचं तत्त्व पुन्हा.

मग कॅलेंडर भिंतीवर लावा. राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन वर्षं फिरावं लागतं, आणि खुर्चीतला माणूस फिरला की राज्यातले लोक विचारतात, आमचं काय? जॉर्जियात त्या काळी लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर होता येत नसे, म्हणून जिमी कार्टर जानेवारी १९७५ ला मोकळा झाला आणि आयोवात घरोघरी मुक्काम करत सुटला. जानेवारी १९७६ च्या कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायच्या पक्षाच्या बैठकांत, सर्वांत जास्त पाठिंबा 'अजून ठरवलं नाही' म्हणणाऱ्यांचा होता. कार्टर दुसरा आला आणि तेवढ्यावर देशभर त्याचं नाव झालं. याच्या उलट न्यूयॉर्कचा मारिओ क्युओमो. डिसेंबर १९९१, अर्ज भरायचा शेवटचा दिवस, न्यू हॅम्पशायरला जायला विमान तयार, आणि हा राज्याच्या बजेटचा तिढा सुटला नाही म्हणून गेलाच नाही. २०२८ साठी बघायचं तर न्यूसम आणि मिशिगनच्या ग्रेचन व्हिटमर यांची मुदत जानेवारी २०२७ ला संपते, म्हणजे दोघं मोकळे. बिशियर डिसेंबर २०२७ पर्यंत अडकलेला. शापिरोला आणि इलिनॉयच्या प्रिट्झकरला आधी नोव्हेंबर २०२६ ला आपापलं राज्य राखायचंय.

पैशाला मी फार वजन देत नाही. २०१५ ला फ्लोरिडाचा माजी गव्हर्नर जेब बुशच्या मागं दहा कोटी डॉलरहून अधिक गोळा झाले होते. फेब्रुवारी २०१६ ला तो घरी. अॅडव्हान्स रोख देणारा निवडून येतोच असं नाही, फक्त माझी उधारी राहत नाही. भाषणाचं तेवढं बघा, पण एका भाषणावरून नाव खोडू नका. क्लिंटन १९८८ च्या अधिवेशनात इतकं लांब बोलला, की 'शेवटी' हा शब्द आल्यावर टाळ्या पडल्या. चार वर्षांनी तो राष्ट्राध्यक्ष. टेक्सासच्या रिक पेरीचं मात्र वेगळं. २०११ च्या वादसभेत तो म्हणाला, मी तीन खाती बंद करणार, आणि तिसऱ्याचं नावच आठवेना. ते ऊर्जा खातं होतं. पुढं ट्रम्पनं त्याला ऊर्जामंत्रीच केलं. असलं काही आपल्याकडं झालं असतं तर गंगावेशीत दूध पिताना लोकांनी महिनाभर दुसरा विषय काढला नसता.

माझी वही सध्या अशी आहे: न्यूसमच्या पानावर दोन्ही हँडबिलं पूर्ण. शापिरोचं समोरच्या पक्षाच्या वतीनं लिहायला बसलो तर दोन ओळींवर अडलो. त्याच्या पक्षाच्या वतीनं मात्र इस्रायलच्या प्रश्नावरून सरळ पुढं गेलं. बिशियरचं दोन्हीकडचं अर्धवट, आणि त्याचं कारण कदाचित एवढंच, की त्याच्याविरुद्ध छापायचा खर्च अजून कुणी केलेला नाही. भाचा दर रविवारी फोन करतो आणि आधी तब्येत न विचारता म्हणतो, "मामा, ठरलं का?"

नाही ठरलं म्हणून सांगतो.