आपला रिसर्च युनिव्हर्सिटीच्या बाहेर, लोकांपर्यंत न्यायचाय? मग असं करा

आधी आठवड्यातले दोनेक तास मेन टॉपिक सोडून भलत्याच गोष्टीला द्या, गाईड कुरकुर करतील, करू देत. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत गाइम आणि नोव्होसेलोव्ह हे दोन भौतिकशास्त्रज्ञ शुक्रवारी संध्याकाळी असलेच उद्योग करायचे, ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावायची, ओढायची, परत तेच, थर पातळ होत होत ग्राफीन, म्हणजे एकाच अणूइतका जाड कार्बनचा थर, हाती लागलं, 2004 ला पेपर आला आणि 2010 ला थेट नोबेल!

आता बाहेर पोचायचं कसं, तर पेपर छापून झाल्यावर माणसं शोधत फिरू नका, ज्यांचा प्रॉब्लेम आहे त्या नर्स, शेतकरी, शिक्षकांना प्रश्न ठरवतानाच बोलवा. त्यांच्या कामात काय बदललं ते तारखेसकट लिहून ठेवा, फंडिंगवाले नंतर पुरावा मागतातच. आणि पेटंट हवं असेल तर अर्ज पेपरच्या आधी, एकदा छापलं की बऱ्याच देशांत हक्क गेलाच.