पुस्तक कपाटात होतं, ओपॅकमध्ये नव्हतं

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, आम्हाला वर्गीकरण शिकवलं, तालिकीकरण शिकवलं, ग्रंथालयाचं संगणकीकरणही शिकवलं. कॉलेजच्या सिस्टिम अ‍ॅडमिनशी कसं बोलायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही, आणि नोकरीतली माझी कितीतरी कामं त्यांच्याशी बोलूनच मार्गी लागली आहेत. यंदा पहिल्यांदा ग्रंथपाल किंवा सहायक म्हणून रुजू होणार असाल, तर हे तुमच्यासाठी.

माझं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. आमचा आयटी विभाग म्हणजे एक सिस्टिम अ‍ॅडमिन आणि एक लॅब असिस्टंट. प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म, परीक्षेचं काम, प्राध्यापकांचे प्रिंटर, सीसीटीव्ही, सगळं त्या दोघांवर. रुजू झाल्यावर आधी हे बघून घ्या. सुरुवातीला माझा फोन उचलला गेला नाही की मला वाईट वाटायचं. एकदा परीक्षेच्या दिवसात मी त्यांच्या खोलीत तासभर बसले आणि तो राग कायमचा गेला.

पुस्तकांच्या नोंदी, देवघेव आणि शोध यांसाठी आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी हे सॉफ्टवेअर १९९९ साली तयार झालं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लायसन्सची फी नाही म्हणून कॉलेजं ते आनंदाने घेतात. पण फी नाही म्हणजे देखभालही आपलीच. सर्व्हर कॉलेजचा, लिनक्स सांभाळणारा माणूस कॉलेजचा आणि नोंदी ग्रंथालयाच्या. यातला एक जरी बाजूला बसला तरी वाचकाला पुस्तक मिळत नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

एम.ए.ची एक विद्यार्थिनी काउंटरवर आली. तिचा विषय होता शेतकऱ्यांच्या चळवळी. म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे या विषयावर एकही पुस्तक नाही का?" ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या आमच्या ऑनलाइन ग्रंथसूचीत, तिने ‘शेतकऱ्यांच्या’ टाइप केलं होतं, निकाल शून्य. मी तिला कपाटाशी नेलं, तर त्या एका खणातच सात पुस्तकं उभी होती. ती पुस्तकं घेऊन गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण काउंटरपर्यंत न येता ओपॅक बघूनच परत गेलेली मुलं किती असतील, ते मला कळायला मार्ग नव्हता.

मी सिस्टिम अ‍ॅडमिनना फोन केला, "सर, कोहा चालत नाहीये." ते आले, त्यांनी इंग्रजी शीर्षक शोधलं, लगेच सापडलं. "चालतंय की मॅडम." चूक माझी होती. मी त्यांना निष्कर्ष सांगितला होता, काय घडलं ते सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर बारा मराठी शब्द लिहिले. प्रत्येकापुढे कपाटात मोजलेली पुस्तकं आणि ओपॅकने दाखवलेला आकडा. खाली एक ओळ: "बारकोड स्कॅन केला की हेच पुस्तक उघडतं, शीर्षकातला शब्द टाकला की सापडत नाही."

त्या एका ओळीवरून त्यांना दिशा मिळाली. कोहामध्ये नोंद एका जागी साठते, ती डेटाबेसमध्ये, आणि शब्दांचा शोध चालतो दुसऱ्याच ठिकाणी, झेब्रा नावाच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शब्दसूचीत. बारकोडने पुस्तक उघडतं म्हणजे नोंद शाबूत आहे, बिघाड इंडेक्समध्ये. आमचं इन्स्टॉलेशन करताना इंडेक्सची रोमन लिपीला सोयीची मांडणी तशीच राहिली होती, त्यामुळे देवनागरी शब्दांचे भलत्याच जागी तुकडे पडत होते. त्यासाठी आयसीयू नावाची मांडणी लावावी लागते आणि मग सगळ्या नोंदी नव्याने इंडेक्स कराव्या लागतात. शनिवारी दुपारी त्यांनी ते केलं. सोमवारी बारापैकी नऊ शब्द सापडायला लागले.

उरलेल्या तीन शब्दांत ‘शेतकऱ्यांच्या’ होताच. आता पाळी माझी होती, कारण हा प्रश्न मराठीचा होता. तो शब्द एका नोंदीतून आणि एका शोधचौकटीतून घेऊन आम्ही शेजारी शेजारी ठेवला. डोळ्यांना अगदी सारखा. सरांनी एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ज्याने ओळखतो तो) काढून दाखवला, तेव्हा फरक दिसला. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन पाय मोडतो. कुणी साधा ‘र’ घेतो, पाय मोडतो आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. आमच्या जुन्या नोंदी दुसऱ्या तऱ्हेच्या होत्या, मुलं मोबाइलवर टाइप करत होती ती पहिल्या. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं.

मी अशा जोड्यांची यादी केली, सरांनी इंडेक्सच्या फाइलमध्ये नियम लिहिले. नोंद इंडेक्समध्ये जाताना आणि वाचकाचा शब्द शोधाला जाताना, दोन्ही वेळा ते लागू होतात, त्यामुळे कोणी कसंही टाइप केलं तरी गाठ पडते. नोंदी एकेक करून दुरुस्त करत बसावं लागलं नाही. त्यांना ही जोडी ठाऊक नव्हती आणि मला ती फाइल. (नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या जुन्या नोंदींना मात्र असा जवळचा रस्ता नाही. त्या आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायच्या आणि मग दाखल रजिस्टर शेजारी घेऊन डोळ्यांनी तपासायच्या. आम्हाला दोन उन्हाळी सुट्ट्या लागल्या.)

तेव्हापासून तक्रार कळवण्याची माझी पद्धत ठरून गेली. कोणत्या मशीनवर, किती वाजता, काय टाइप केलं, पडद्यावर कोणता मेसेज आला, काय अपेक्षित होतं. मेसेजचा स्क्रीनशॉट जोडायचा, आपल्या शब्दांत सांगायचा नाही. आणि तोंडी सांगितलं तरी मेल करायचाच.

दुसरा अनुभव आयपीचा. आम्ही वर्गणी भरलेला एक ऑनलाइन डेटाबेस कॉलेजच्या स्टॅटिक आयपीवर, म्हणजे कॉलेजच्या इंटरनेट जोडणीच्या ठरलेल्या क्रमांकावर, उघडायचा, पासवर्ड लागायचा नाही. एका सकाळी सगळ्यांना लॉगिनचं पान दिसू लागलं. मी प्रकाशकाला मेलवर मेल केले, पाच दिवस गेले. मग कळलं की कॉलेजने लीज लाइन (इंटरनेटची भाड्याची जोडणी) बदलली होती आणि तिच्याबरोबर आयपीही. आयटी विभागाला त्यात दोष कसा द्यायचा? त्या क्रमांकावर आमचं काय अवलंबून आहे, हे मीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता एक पानाची यादी त्यांच्या खोलीत लावली आहे: कोणती सेवा आयपीवर चालते, कोणाला कळवायचं, किती दिवस आधी. कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणाऱ्या एन-लिस्टचं तसं नाही, तिथे प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन असतं आणि मूल घरूनही वाचू शकतं. तुमच्या कॉलेजमध्ये कोणती सेवा कशी उघडते, हे पहिल्याच महिन्यात लिहून काढा.

जूनमध्ये सभासद नोंदणीसाठी मुलांची नावं हाताने टाइप करू नका. प्रवेशाच्या डेटामध्ये पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), नाव, वर्ग सगळं असतं. आयटीकडून त्याची सीएसव्ही फाइल, म्हणजे रकान्यांची साधी फाइल, मागा, कोहा ती थेट आयात करतं. फक्त ग्रंथालयाला लागतात तेवढेच रकाने मागा. जात, उत्पन्न, आधार यांचं आपल्याला काही काम नाही.

बॅकअपविषयी विचारताना "घेता ना?" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या मशीनवर जातो ते विचारा. कोहाचा रोजचा बॅकअप मुळात त्याच सर्व्हरवर साठतो, आणि डिस्क गेली तर दोन्ही जातात. वर्षातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून बघायला सांगा आणि स्वतः शेजारी बसा.

प्राचार्यांकडे पैसे मागायला शक्यतो दोघांनी मिळून जा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, ज्या चौकटीत आम्ही अहवाल भरला, तिच्यात चौथ्या निकषाखाली ४.२ ग्रंथालय आणि ४.३ आयटी असे लागूनच मुद्दे होते. नव्या सर्व्हरचा प्रस्ताव दोघांच्या सहीने गेला तेव्हाच तो पुढे सरकला.

कोहाची नवी आवृत्ती टाकायची असली की सर आदल्या दिवशी कळवतात, कारण अपग्रेडमध्ये इंडेक्सची ती फाइल पुन्हा मूळ रूपात जाऊ शकते. त्यांचं काम संपलं की मी ओपॅकशी बसते. बारा शब्दांचा तो कागद आता लॅमिनेट केलेला आहे. पहिला शब्द ‘शेतकऱ्यांच्या’, आणि तो मी दोन्ही तऱ्हांनी टाइप करून बघते.